डायलिसिसवरचा पहिला उन्हाळा

दादा, डायलिसिसवरचा तुमचा हा पहिलाच उन्हाळा, आणि तोही अकोल्याचा. माझा सहावा. आपल्याला तहान उन्हापेक्षा मिठाने जास्त छळते. लोणचं, पापड, खारे दाणे आधी बंद करा. 'कमी सोडियमचं' म्हणून जे मीठ विकतात त्याला हातही लावू नका, त्यात बहुधा पोटॅशियम असतं, आणि ते आपल्या अंगात साठलं तर हृदयाला धोका. शहाळ्याचंही तेच. पाहुणे प्रेमाने आणतात, गोड बोलून परत द्या.

डॉक्टरांनी ठरवून दिलेलं पाणी मी सकाळीच एका बाटलीत भरतो. कपभर चहा घेतला की बाटलीतलं कपभर पाणी मोगऱ्याच्या कुंडीत. वरण, ताक, बर्फ, सगळं याच हिशोबात. बायको आधी हसायची. यंदा मोगरा असा फुललाय की आता गप्प असते! फारच कोरड पडली तर बर्फाचा छोटा खडा जिभेवर, नाहीतर नुसती चूळ.

वजन रोज सकाळी बघा. दोन डायलिसिसच्या मध्ये 1 किलो वाढलं म्हणजे साधारण 1 लिटर पाणी अंगात साठलं. घाम आला म्हणून मनानेच ग्लासभर वाढवू नका, आधी विचारा. आणि रात्री आडवं झाल्यावर धाप लागली तर पुढच्या डायलिसिसची वाट न बघता तडक दवाखाना गाठा.