मराठी उत्तम येते, तर न्यायालयात दुभाषी होता येईल का?

प्रश्न : मी एडिसन (न्यू जर्सी) येथे राहते. महाराष्ट्रात असताना मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवत असे. येथील राज्य न्यायालयांत मराठी दुभाष्यांची गरज पडते असे समजले. मराठीची परीक्षा देऊन तसे प्रमाणपत्र मिळवता येते का?

उत्तर : ज्या अर्थाने स्पॅनिश दुभाष्याला प्रमाणपत्र मिळते, त्या अर्थाने मराठीत ते मिळत नाही, कारण मराठीची संपूर्ण तोंडी परीक्षाच अद्याप तयार झालेली नाही. मात्र त्यामुळे दार बंद होते असे नाही.

अमेरिकेत दुभाष्यांची पात्रता प्रत्येक राज्य स्वतः ठरवते. तरी बहुतेक राज्ये व्हर्जिनियातील विल्यम्सबर्ग येथे असलेल्या नॅशनल सेंटर फॉर स्टेट कोर्ट्स या संस्थेच्या परीक्षा वापरतात. परीक्षांचा खर्च आणि मेहनत वाटून घेण्यासाठी १९९५ मध्ये चार राज्ये एकत्र आली होती. मिनेसोटा, ओरेगन आणि वॉशिंग्टन यांच्याबरोबर त्यांत न्यू जर्सीही होते, म्हणजे तुमचे राज्य या व्यवस्थेत पहिल्यापासून आहे. पहिला टप्पा लेखी परीक्षेचा. ती संपूर्ण इंग्रजीत असते, त्यात १३५ बहुपर्यायी प्रश्न सोडवण्यासाठी सव्वादोन तास मिळतात आणि सर्वसाधारणपणे ८० टक्के गुण मिळवावे लागतात. प्रश्न इंग्रजी भाषेवर, न्यायालयीन संज्ञांवर आणि दुभाष्याच्या आचारसंहितेवर असतात. तुमच्या मराठीचा येथे काहीही उपयोग नाही, आणि मराठीच्या शिक्षकांची पहिली निराशा येथेच होते.

दुसरा टप्पा तोंडी परीक्षेचा. समोर ठेवलेला कागद पाहता पाहता दुसऱ्या भाषेत मोठ्याने सांगणे, साक्षीदाराचे उत्तर थांबल्यावर त्याचे भाषांतर करणे आणि वकिलाचे बोलणे चालू असतानाच त्याच्या मागोमाग बोलत राहणे, असे तिचे तीन भाग असतात. शेवटच्या भागात ध्वनिफीत मिनिटाला साधारण १२० शब्दांच्या वेगाने चालते. इंग्रजी वाक्यात क्रियापद लवकर येते, आपल्याकडे ते शेवटी. त्यामुळे लांबलचक इंग्रजी वाक्य मराठीत देताना क्रियापद डोक्यात धरून ठेवावे लागते आणि तोवर वकील पुढच्या वाक्यात शिरलेला असतो. अनेक राज्यांत प्रत्येक भागात किमान ७० टक्के गुण लागतात.

ही परीक्षा स्पॅनिश, रशियन, कोरियन, व्हिएतनामी यांसारख्या मोजक्या भाषांपुरतीच आहे. प्रश्नपत्रिका आणि परीक्षक तयार करणे खर्चाचे काम असल्याने ज्या भाषेची मागणी जास्त, तिलाच परीक्षा मिळते. कॅलिफोर्नियात कायद्याप्रमाणे दर पाच वर्षांनी न्यायालयांतील भाषांच्या वापराचा अभ्यास केला जातो, आणि तेथे पंजाबीची परीक्षा आहे. उरलेल्या भाषांच्या दुभाष्यांकडून काही राज्ये लेखी परीक्षेबरोबर दोन्ही भाषांतील संभाषणक्षमतेची चाचणी घेतात. जेथे त्या भाषेची चाचणी उपलब्ध नाही, तेथे केवळ इंग्रजीची. त्यातून मिळतो तो ‘नोंदणीकृत’ किंवा तत्सम दर्जा. माझ्या मते ही व्यवस्थेतली उणीवच आहे : मराठीत अडखळणारा उमेदवार तिच्यातून सहज पार पडू शकतो. तेव्हा स्वतःची परीक्षा स्वतःच घ्या. जामीन, आरोपनिश्चिती, उलटतपासणी यांसारख्या शब्दांचे मराठी-इंग्रजी टिपण तयार करा आणि बातमीपत्रे ऐकून मागोमाग बोलण्याचा सराव करा.

आचारसंहितेचा भाग पाठांतराचा समजू नका. साक्षीच्या वेळी घाबरलेली वृद्ध बाई तुमच्याकडे वळून विचारते, “ताई, आता मी काय सांगू?” अशा वेळी तिला धीर देणे हा तुमचा सहज स्वभाव असेल; पण दुभाष्याने तिला उत्तर द्यायचे नसते. तिचा प्रश्न जसाच्या तसा इंग्रजीत न्यायाधीशांना ऐकवायचा असतो, ‘ताई’सकट. साक्षीदार ‘मी’ म्हणाला तर तुम्हीही ‘मी’च म्हणायचे; ‘त्या म्हणतात की’ असे जोडायचे नाही. वाक्य अर्धवट असेल तर तेही अर्धवटच द्यायचे. विद्यार्थ्याचे उत्तर मनातल्या मनात दुरुस्त करण्याची सवय ज्यांना जडलेली असते, त्यांना हे सर्वांत जड जाते.

याखेरीज ओळख-प्रशिक्षण, पार्श्वभूमीची तपासणी आणि शपथ या बाबी बहुतेक राज्यांत आहेत. नेमके नियम न्यू जर्सी न्यायव्यवस्थेच्या भाषा-सेवा विभागाकडून घ्यावेत.

प्रश्न : सासूबाईंना साक्षीसाठी बोलावले आहे. त्यांना इंग्रजी येत नाही. मी त्यांची दुभाषी झाले तर चालेल का?

उत्तर : नाही. नातेसंबंध असल्यास दुभाष्याच्या निःपक्षपातीपणावर प्रश्न उभा राहतो. न्यायालयाच्या कार्यालयाला तारखेच्या आधीच, शक्य तितक्या लवकर, मराठी दुभाषी हवा असल्याचे लेखी कळवावे. स्थानिक दुभाषी न मिळाल्यास न्यायालय दूरध्वनीवरून किंवा दृक्‌श्राव्य माध्यमातून सोय करू शकते.

प्रश्न : या कामावर घर चालेल का?

उत्तर : केवळ मराठीवर चालणे कठीण. बहुतेक दुभाषी कंत्राटी पद्धतीने, बोलावणे येईल तेव्हा काम करतात आणि मराठीची बोलावणी स्पॅनिशच्या तुलनेत फारच थोडी असतात. हिंदी किंवा गुजरातीवरही तितकेच प्रभुत्व असेल, तर त्या भाषांसाठीही नाव नोंदवावे. संघीय न्यायालयांत १९७८ च्या कायद्यानुसार प्रमाणपत्राची सोय आहे, परंतु ती परीक्षा सध्या केवळ स्पॅनिशची होते. इतर भाषांच्या दुभाष्यांची पात्रता तेथे निराळ्या निकषांवर ठरते. म्हणून हातातली नोकरी सोडून या वाटेला लागू नये. लेखी परीक्षेचा अभ्यास नोकरी सांभाळूनही होतो.