कालचा जोडीदार, आजचा सुपरवायझर

पुण्याजवळच्या भोसरी-चाकण पट्ट्यातल्या कारखान्यांतून माझ्याकडे सल्ल्यासाठी येणाऱ्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो: काल ज्यांच्या डब्यातली भाजी खाल्ली, त्यांना आज कामाला कसं लावायचं? बढतीचं पत्र मिळालेलं असतं, पेढे वाटून झालेले असतात आणि महिन्याभरात झोप उडालेली असते. अशाच एका सुपरवायझरबद्दल लिहिते आहे. त्यांची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

आयटीआय झालेले, सीएनसीवर, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर चालणाऱ्या मशीनवर, पक्का हात बसलेला, त्याच लाईनवर बरीच वर्षं काढलेली. आल्या आल्या म्हणाले, “ताई, मला परत ऑपरेटर करा असा अर्ज द्यावा म्हणतोय. कुणी ऐकतच नाही. सांगितलेलं काम अर्धवट राहतं, मग मीच करतो. चहाला गेलो की सगळे गप्प होतात.”

मी त्यांना आदल्या दिवसाची शिफ्ट तासातासाने सांगायला लावली. एका मशीनवर बोअर, म्हणजे पीसमधलं भोक, लहान यायला लागला, ट्रेनी गोंधळला, म्हणून यांनी त्याला बाजूला करून स्वतः इन्सर्ट (धातू कापणारं छोटं पातं) बदलला. दुसरीकडे ऑपरेटरने दांडी मारली, तिथे स्वतः उभे राहिले. रिवर्कचा, म्हणजे पुन्हा दुरुस्त करायच्या पीसचा, ढीग साचला, तोही जेवणाची सुट्टी बुडवून उरकला. कागदावर सगळं उतरल्यावर ते बराच वेळ त्याकडे बघत बसले. “म्हणजे मी अजून ऑपरेटरच आहे की,” ते म्हणाले.

लोक ऐकत नाहीत ही तक्रार खरी होती, पण मुळाशी ही गोष्ट होती. अडलं की साहेब येऊन करून देतात हे कळल्यावर दुसरं कोण कशाला शिकेल? उत्तम कारागिराला हे फार जड जातं. आपल्या हाताने दोन मिनिटांत होणारं काम दुसरा वीस मिनिटं चाचपडत करतोय हे त्याला बघवत नाही. त्यात कंपन्या पत्र देतात आणि शिकवत काहीच नाहीत, याचा मला मनापासून राग येतो. हे शिकवता येतं, हे जगाला केव्हाच माहीत आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतले कारखाने झपाट्याने वाढले आणि नवे सुपरवायझर कमी पडू लागले. तेव्हा तिथल्या सरकारने 1940 ते 1945 या काळात त्यांच्यासाठी दहा-दहा तासांचे छोटे वर्ग चालवले. काम कसं शिकवायचं, कामाची पद्धत कशी सुधारायची आणि माणसांशी कसं वागायचं, असे त्यांचे मुख्य विषय. युद्धानंतर जपाननेही ते उचलले.

त्यातली शिकवण्याची पद्धत चार पायऱ्यांची आहे. आधी समोरच्याची भीती घालवायची आणि त्याला काय येतं ते विचारायचं. मग काम टप्प्याटप्प्याने, महत्त्वाच्या खुणांसह दाखवायचं. मग त्याच्याकडून करून घ्यायचं, करताना तोंडाने बोलायला लावायचं. शेवटी त्याला एकट्याला सोडायचं, पण अडलं तर कुणाला विचारायचं ते सांगून, आणि अधूनमधून बघून यायचं.

आम्ही इन्सर्ट बदलायचंच काम घेतलं. मी म्हटलं, मला शिकवा. ते भराभरा सांगत सुटले: स्क्रू सोडा, नवीन लावा, आवळा, ऑफसेट (मापातली दुरुस्ती) द्या, पहिला पीस चेक करा. मी विचारलं, “आणि ट्रेनीचं चुकतं कुठे?” तेव्हा कुठे आठवलं: जुना इन्सर्ट काढल्यावर सीट, म्हणजे तो बसतो ती जागा, पुसायची. खाली धातूची बारीक चिप राहिली तर इन्सर्ट नीट बसत नाही आणि माप हलतं. त्यांच्या हाताला ही गोष्ट इतकी सवयीची झाली होती की त्या पोराला ती कधी सांगितलीच गेली नव्हती. पुढच्या आठवड्यात त्यांनी दोन्ही हात मागे बांधून उभं राहायचं ठरवलं आणि पोराकडून करून घेतलं. सोपं गेलं नाही. त्या दिवशी प्रॉडक्शन कमी निघालं आणि वरून बोलणी बसली.

दुसरी गाठ अण्णांची होती. सेवेने मोठे, बढती आपल्यालाच मिळणार असं धरून चाललेले. आमचे सुपरवायझर अण्णांची नजर चुकवायचे, कामही दुसऱ्याच्या तोंडून सांगायचे. आम्ही वाक्यं बोलून बघितली, अजीजी आणि साहेबी दोन्ही काढून टाकली. शेवटी लाईनपासून बाजूला, दोघंच असताना ते अण्णांना म्हणाले, “अण्णा, ही जागा तुम्हाला मिळायला हवी होती असं वाटत असेल तर मला ते कळतं. निर्णय माझ्या हातात नव्हता. पण मशीनचं सेटिंग तुमच्याइतकं इथे कुणाला येत नाही. नव्या पोरांना तुम्ही शिकवाल का?” अण्णा फक्त “बघू” म्हणाले. काही दिवसांनी स्वतःच आले: “त्या पोराला सकाळी दे माझ्याकडे. दुपारी त्याचं लक्ष नसतं.”

मित्रांचा प्रश्न मात्र पूर्ण सुटला नाही. उशिरा येणं, मध्येच गेटपास मागणं, रजा न सांगता घेणं, यावर त्यांनी एक नियम ठरवला आणि शिफ्टच्या सुरुवातीच्या मीटिंगमध्ये सगळ्यांना एकदमच सांगितला. वेळ येण्याआधी सांगितला, हे महत्त्वाचं. ऐनवेळी सांगितलेला नियम ज्याला लागतो त्याला तो आपल्याविरुद्धच काढलाय असं वाटतं. तरी सर्वांत जवळचा मित्र दुखावला आणि अजून तुटक वागतो. मी त्यांना एवढंच सांगितलं की त्याची चूक असेल तर बाजूला घेऊन बोला, चांगलं काम केलं तर चारचौघांत सांगा, आणि घरच्या कार्याला पूर्वीसारखेच जा. परत पूर्वीसारखं होईल असं वचन मी देऊ शकत नव्हते.

तुमचीही अशीच स्थिती असेल तर आधी एक शिफ्ट तासातासाने लिहून काढा. झोप आठवडेच्या आठवडे लागत नसेल, भूक गेली असेल किंवा ताणापायी दारू वाढली असेल, तर मात्र कामाच्या युक्त्या बाजूला ठेवून डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला भेटा. सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला 14416 वर फोन करून मराठीतही बोलता येतं.