सायकलचा दवाखाना : पातळ नळीला आर्क लावू नका

प्रश्न : माझे सासरे १९६२ साली डॉक्टरकीच्या पुढच्या शिक्षणासाठी इंग्लंडला गेले होते. येताना तिथली सायकल बोटीनं घेऊन आले. आमच्या वाड्यात माळवदावरच्या खोलीत ती तीसेक वर्षं पडून होती. सीटखालच्या नळीवर अर्धवट खरवडलेली पट्टी आहे, तीवर ‘रेनॉल्ड्स ५३१’ असं वाचता येतं. हँडलखाली, जिथं खालची तिरपी नळी लगमध्ये (नळ्या जोडणाऱ्या पोलादी बाहीत) शिरते, तिथं केसाएवढी चीर दिसते. इथले वेल्डर म्हणतात, “ताई, दोन टाके मारतो, जन्मभर हलणार नाही.” मारू द्यावेत का?
— एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : ताई, टाके मारू देऊ नका. सायकल घरी आणा आणि भिंतीला टेकवून ठेवा. एवढ्या ठामपणे सांगतोय, कारण हीच चूक माझ्या हातून झालेली आहे.

१९८७ ची गोष्ट. जालन्यात वेल्डिंग शिकवायला लागून मला दोनच वर्षं झाली होती. एका शाळामास्तरांनी अशीच विलायती फ्रेम आणून दिली, चीरही त्याच जागी. मी दहा नंबरचा रॉड लावला आणि आर्क मारला, म्हणजे विजेचं वेल्डिंग केलं. टाका असा देखणा आला की पोरांना बोलावून दाखवला. दोन महिन्यांनी मास्तर परत आले ते फ्रेमचे दोन तुकडे घेऊन. टाका जिथल्या तिथं शाबूत होता. त्याच्या कडेला चार-पाच मिलिमीटरवर नळी काकडीसारखी मोडली होती. त्यातला वीतभर तुकडा मी मागून घेतला, तो आजही माझ्या टेबलावर आहे. उभा चिरून ठेवलाय. टोकाला त्याची भिंत जाड आहे, आणि आत सरकत जावं तशी पातळ होत जाते. मधला भाग दोन पोस्टकार्डं एकावर एक ठेवावीत एवढाच भरतो.

ही करामत बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्सची. दोन्ही टोकांना जाड आणि मध्ये पातळ अशा नळीचं पेटंट त्यांनी १८९७ साली घेतलं. जोड टोकांना असतो, ताण तिथंच जास्त येतो, मग मधलं वजन कशाला वाहायचं, असा साधा विचार. १९३५ साली त्यांनी ५३१ नावाचं पोलाद आणलं. त्यात मँगनीज आणि मॉलिब्डेनम असतं. पुढची चाळीस-पन्नास वर्षं इंग्लंडातल्या चांगल्या कारागिराची फ्रेम बहुतेक याच नळीची असायची.

आर्कमध्ये पोलाद स्वतःच वितळतं, म्हणजे उष्णता १५०० अंशांच्या घरात जाते. टाका संपला की शेजारची थंड नळी ती उष्णता झटक्यात ओढून घेते. लोहार तापलेली विळी पाण्यात बुडवून पाणी देतो, तसंच काहीसं त्या कडेला होतं. कडा कडक होते आणि ठिसूळही होते. आपल्या गावाकडच्या काळ्या सायकलीची नळी जाड आणि साध्या पोलादाची, ती हे सोसते. ५३१ ला ते सोसवत नाही.

या फ्रेमी जोडल्या जातात त्या पितळेच्या नाहीतर चांदीच्या झाळीनं. पितळेची झाळ साधारण ९०० अंशांवर होते, चांदीची ६५० ते ७०० च्या आसपास. नळी वितळत नाही. लग आणि नळी यांच्यामध्ये कागदाएवढी फट असते, आणि गरम भाकरीत तूप जिरावं तशी झाळ त्या फटीत ओढली जाते. हे बघायला मिळालं तर जरूर बघा. लगच्या एका कडेला सळई टेकवावी आणि दुसऱ्या कडेला पिवळी रेघ उमटावी, याच्यासारखं समाधान मला वेल्डिंगच्या दुसऱ्या कुठल्याच कामात मिळालं नाही.

आता तुमची चीर. ती आहे कशात, रंगात, झाळीत की नळीत? तेवढ्या जागेवरचा अंगठ्याएवढा रंग पेंट रिमूव्हरनं काढा. ग्राइंडर अजिबात लावू देऊ नका. मग तिथं रॉकेल लावा, दहा मिनिटं थांबा, कोरडं पुसा आणि वरून फळ्यावरच्या खडूची पूड भुरभुरा. चीर खरी असेल तर आत गेलेलं रॉकेल बाहेर पाझरतं आणि पांढऱ्यावर काळसर रेघ उठते. रेघ लगच्या काठानं गेली तर झाळ सुटली आहे, ती पुन्हा देता येते. रेघ लग सोडून नळीवर आडवी गेली असेल तर नळीच बदलावी लागते. जुनी नळी लग तापवून काढायची आणि नवी बसवायची. काम खर्चाचं आहे, पण होतं. रेनॉल्ड्स आजही नळ्या बनवते.

त्याच्या आधी आणखी एक बघा. डोळे मिटून खालच्या नळीच्या पोटावरून, लगच्या मागं चार बोटं, अंगठा फिरवा. वरच्या दांड्याच्या पोटावरूनही फिरवा. साडीच्या चुणीसारखा बारीक उंचवटा लागला, तर सायकल कधीतरी समोरून धडकली आहे. मग चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारा फोर्क, तोही मागं सरकलेला असणार. बाजूनं उभं राहून बघा, चिमट्याच्या दांड्यांचा वरचा भाग हँडलखालच्या नळीच्या रेषेत हवा.

झाळ कोणाकडून करून घ्यायची, हा खरा अवघड भाग. गॅसवर पितळेचं काम रोज करणारा जुना माणूस शोधा, तो टाकणखार वापरून करेल, चालेल. फ्रिज-एसीवाल्याकडे ‘चांदीची सळई’ असते, तिच्यापासून मात्र जपा. तांब्याच्या पाइपसाठीच्या त्या सळईत बहुधा फॉस्फरस असतो. पोलादावर ती चिकटलेली दिसते, पण जोड काचेसारखा तडकतो. चांदीची सळई घ्यायची तर फॉस्फरस नसलेली, आणि तिचा फ्लक्स, म्हणजे झाळताना जोड स्वच्छ ठेवणारं द्रव्य, तोही वेगळा. टाकणखार तेवढ्या कमी उष्णतेवर नीट काम करत नाही.

आणि ती खरवडलेली पट्टी थिनरनं पुसू नका. साबणाचं कोमट पाणी आणि मऊ कापड पुरे. सासऱ्यांनी ज्या रंगाची सायकल चालवली, तो रंग जेवढा उरलाय तेवढा ठेवा.

प्रश्न : सर, मी लातूरला इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. इंग्लंडातल्या एका गृहस्थांकडे १९७० च्या सुमाराची मर्शियनची २३ इंची फ्रेम विकायला आहे. फोटोत रंग एकदम चकाचक आहे. घेऊ का?
— एक विद्यार्थी, लातूर

उत्तर : तुझ्या वयाच्या पोरांना मी ‘तू’च म्हणत आलो, तसंच लिहितो.

मर्शियन हे डर्बीचं, १९४६ पासूनचं दुकान, काम चांगलं. चकाचक रंगाची मला भीती वाटते. मघाशी सांगितलेल्या चुण्या नव्या रंगाखाली लपतात. पावडर कोटिंग असेल तर लगच्या कोरीव कडाही बुजतात. अर्ध्या मिलिमीटरच्या नळीवर कोणी जोरात सँडब्लास्ट केला असेल, तर तेही फोटोत कळत नाही. विक्रेत्याकडून वरचा दांडा आणि खालची तिरपी नळी, दोन्हींच्या पोटाचे फोटो माग. बॉटमच्या (पेडलचा दांडा ज्यात फिरतो त्या आडव्या नळीच्या) खाली ठोकलेल्या नंबराचा आणि चिमट्यासकट फ्रेमचा सरळ बाजूनं काढलेला फोटोही माग. ब्रिटनमध्ये व्हेटरन-सायकल क्लब आहे, त्यातले जाणकार नंबरावरून साल काढायला मदत करतात.

सीटपिनचा, म्हणजे सीट ज्यावर बसते त्या दांड्याचा, व्यास विचार. ५३१ च्या बटेड (टोकांना जाड, मध्ये पातळ नळीच्या) फ्रेमला तो बहुधा २७.२ मि.मी. असतो. बराच कमी सांगितला तर नळी जाड तरी आहे किंवा कोणीतरी लग आवळून आवळून ती चेपली आहे. पिन आणि हँडलचा स्टेम दोन्ही हलतात का, हेही विचार.

फ्रेम सरळ आहे का, हे दोऱ्यानं कळतं. मागच्या एका ड्रॉपआउटला (चाकाचा आस बसतो त्या खाचेला) दोरा बांधायचा, तो पुढं नेऊन हँडलखालच्या नळीला वळसा घालायचा आणि दुसऱ्या ड्रॉपआउटला ताणून बांधायचा. सीटखालच्या नळीपासून दोन्ही बाजूंच्या दोऱ्याचं अंतर मोजायचं. एखाद्या मिलिमीटरचा फरक चालतो. तीन-चारचा असेल तर फ्रेम वाकलेली आहे. विक्रेता प्रामाणिक असेल तर पाच मिनिटांत मोजून पाठवेल.

चाकांचा हिशेब आत्ताच कर. त्या काळच्या बऱ्याच फ्रेमी २७ इंची चाकासाठी असायच्या, त्या रिमची बैठक ६३० मि.मी.ची. आपल्याकडे कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो तो ‘२८ दीड’चा टायर ६३५ चा. तो २७ च्या रिमवर सहज चढतो आणि हवा भरली की कडेनं बाहेर येतो. हा प्रयोग करू नकोस. गिअरच्या सायकलीचं ७०० सी चाक ६२२ चं, ते बसवता येतं. ब्रेकचे गुटके फक्त चार मिलिमीटर खाली न्यावे लागतात, तेवढी जागा ब्रेकला आहे का बघ.

बॉटमचे आटे इंग्लिश, इंचाला २४. उजवीकडचा कप (छर्रे बसतात ती वाटी) उलट्या आट्याचा असतो. हे माहीत नसलेल्या हातांनी किती बॉटम बाद केलेत, ते मी पाहिलंय. नॉटिंगहॅमच्या राले कारखान्याच्या जुन्या सायकलींना २६ आटे असतात, त्यांचे कप यात घुसवायचे नाहीत.

उंची तू लिहिली नाहीस. २३ इंची फ्रेम पावणेसहा फुटांच्या पुढच्या माणसाची. त्याच्या आत असशील तर नाद सोड आणि २१ ची शोध.

प्रश्न : आजोबांची राले आहे, दांड्याचे ब्रेक, २८ चं चाक. ती हातानं बनवलेली आहे का?
— एक वाचक, नांदेड

उत्तर : नाही. राले हा १८८७ पासूनचा नॉटिंगहॅमचा मोठा कारखाना. स्वातंत्र्यानंतर आसनसोलला सेन-राले निघाली आणि आपल्याकडच्या पुष्कळ राले तिथल्या. हातानं बनवलेली म्हणजे हेचिन्स, क्लॉड बटलर, लीड्सचे बॉब जॅक्सन यांच्यासारख्या छोट्या कारखान्यांतली, माप घेऊन जोडलेली. हेचिन्सच्या कित्येक सायकलींच्या मागच्या नळ्या नागमोडी असतात, त्या लांबूनही ओळखू येतात. तुमची राले वेगळ्या जातीची आणि दणकट आहे. छर्रे बदला, चाकांचा आऊट काढा आणि चालवा.

प्रश्न : ॲल्युमिनियमची सीटपिन फ्रेममध्ये घट्ट बसली आहे. मेकॅनिकनं ब्लोअर लावून तापवली तर आणखीच घट्ट झाली. आणि आतून गंज लागू नये म्हणून काय करावं?
— एक वाचक, परभणी

उत्तर : घट्ट होणारच. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं. उलट करा. सायकल उलटी ठेवा, बॉटमच्या बाजूनं आत गंज सोडवणारं तेल सोडा, चार दिवस रोज. मग ती सरळ करून पिनच्या पोकळीत आणि वरून बर्फ लावा, पिन आकसेल. पिनचं डोकं व्हाइसमध्ये धरा आणि फ्रेम हळूहळू डावी-उजवी फिरवा. नळी व्हाइसमध्ये कधीच धरायची नाही. एवढ्यानंही निघाली नाही तर कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियम खाऊन टाकतो, पोलादाला काही करत नाही. पण तो डोळे, कातडी आणि रंग तिन्ही जाळतो, आणि त्यातून पेट घेणारा वायू निघतो. ते काम घरी करू नका.

आतल्या गंजाला जवसाचं तेल. खायचं नव्हे, ते वाळायला फार वेळ घेतं. रंगाच्या दुकानात डबल बॉइल्ड मिळतं ते आणा. प्रत्येक नळीत थोडं ओता, फ्रेम सगळीकडून फिरवा, जास्तीचं निथळू द्या आणि आठवडाभर टांगून ठेवा. आत पातळ पापुद्रा धरतो. ज्या चिंध्यांनी तेल पुसाल त्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. चिंध्या अंगणात एकेक सुट्ट्या पसरा, पुऱ्या कडक झाल्यावरच टाका.