रत्नागिरीत राहून रेट्रो स्लॉट कार (ट्रॅकच्या खाचेतून विजेवर धावणारी छोटी गाडी, जुन्या धाटणीची) जोडायची आहे. सुटे भाग निवडताना काय बघावं?

१:२४ ची, म्हणजे खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्श्याएवढी गाडी धरून सांगतो. पैसे आधी चासीवर, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्यावर घाला, बॉडीचं नंतर बघू. पितळी पट्ट्या आणि स्टीलची तार सोल्डरने जोडलेली चासी चांगलीच, पण आपल्याकडे गोची तिथेच होते. सोल्डर नीट धरावं म्हणून लावलेला फ्लक्स जोडावर राहिला की खाऱ्या हवेत तार गंजते. माझी पहिली चासी एका पावसाळ्यात तांबडी झाली! आता जोड थंड झाला की खायच्या सोड्याच्या पाण्यात जुन्या टूथब्रशने घासतो, सुकवतो, मग तारेवर मशीन ऑइलचं बोट फिरवतो.

गिअर बसवताना पिनियन (मोटरवरचं छोटं दातेरी चाक) आणि क्राउन (मागच्या आसावरचं मोठं) यांच्या दात्यांमध्ये वहीच्या कागदाची पट्टी धरा, स्क्रू आवळा, पट्टी काढा. तेवढी फट पुरते. पुढची चाकं जेमतेम टेकू देत, गाइड (गाडीच्या पुढच्या भागाखालची, खाचेत चालणारी पट्टी) मात्र खाचेत पूर्ण उतरायला हवा.