वस्तीतल्या पोरांसाठी कबड्डीची टीम काढायची आहे. खर्च किती येईल, आणि खेळाने लीडरशिप वगैरे खरंच येते का?

मॅटचा विचार आत्ता सोडा, मातीवर सुरू करा. मुलींना आणि ज्युनियर पोरांना 12 बाय 8 मीटरचं मैदान पुरतं, चुना आणि पाणी मारायला पाइप मिळाला की झालं. पण लीडरशिपचं जे विचारलंय ना, त्यावरून मी मंडळात इतका भांडलोय की लिहिल्याशिवाय राहवत नाही.

नवी मुंबईत तुर्भ्याला मुलींची टीम आहे माझ्याकडे. बऱ्याच जणींचे वडील तिथल्या एपीएमसीत, म्हणजे घाऊक बाजारात, हमाली करतात, रात्रभर गाड्या खाली करून दिवसा झोपतात, त्यामुळे पोरगी प्रॅक्टिसला येणार ती पाणी भरून, भाकऱ्या थापूनच. कॅप्टन निवडताना मंडळातले एक ज्येष्ठ मेन रेडरवर, म्हणजे चढाई करणाऱ्या पोरीवर, अडून बसले, पॉइंट तीच आणते म्हणून. मी लेफ्ट कॉर्नरला पकड करणाऱ्या पोरीला केलं. बोलायला कमी, पण कोणाला घरून सोडत नाहीत हे तिला माहीत असायचं आणि ती स्वतः जाऊन त्या आईला समजावून यायची.

पुढे एका मॅचला आमच्या तिघी आऊट होऊन बसलेल्या. पॉइंट मिळाला की जी आधी आऊट झाली तीच आधी आत येणार, हे तुम्हाला माहीत असेलच. पॉइंट आला आणि रेडरच उठली, नंबर नव्या पोरीचा होता. पंचांचं लक्ष नव्हतं आणि बाहेरून हेच ज्येष्ठ ओरडतायत, जाऊ दे तिला! कॅप्टनने रेडरचा दंड धरला, "ताई, तुझा नंबर नाही, बस," आणि त्या घाबरलेल्या पोरीला आत घेतलं. मॅच हरलो. ते अजून म्हणतात तुझ्या कॅप्टनने घालवली, मी म्हणतो भर मैदानात मंडळाच्या माणसाचं न ऐकता बरोबर तेच करणारी पोरगी तयार झाली, अजून काय पाहिजे?

नागपुरात विजय बारसे सरांनी 2001 मध्ये झोपडपट्टीतल्या पोरांचा फुटबॉल सुरू केला, त्यातलीच काही पुढे कोच झाली. म्हणून हजेरी, चुना मारणं, वर्गणीचा हिशोब पोरांच्याच हातात द्या. नुसते ट्रॉफीसाठी बाहेरून खेळाडू आणून खेळवणार असाल तर टीम काढूच नका.

आता हेही खरं की खेळाने घरभाडं निघत नाही, चांगल्या खेळणाऱ्या पोरी कामाला लागल्या की सुटतात. त्यावर माझ्याकडे उपाय नाही. आणि कोणी टी-शर्ट दिले तर खुशाल घ्या, पण कॅप्टन ठरवायला त्याला बसवू नका.