थाप चाम स्टेशनला उतरा

प्रश्न : पिंपळगाव बसवंतला आमची द्राक्षबाग आहे. मुलगा यंदा पदवीधर झाला आणि दोन मित्रांबरोबर व्हिएतनामला जायचं म्हणतो. विमानाचं तिकीट सोडून माणशी चाळीस हजारांत भागवायचा त्यांचा बेत आहे. आमची आई म्हणते, लढाईचा देश, तिथं जाऊन काय बघणार? मागे या सदरात तुम्ही लिहिलं होतं की कमी खर्चात फिरलेल्या देशांपैकी व्हिएतनामनं तुम्हाला सर्वांत जास्त चकित केलं. नेमकं कशानं? पोराला पाठवावं का? (एक वाचक, पिंपळगाव बसवंत)

उत्तर : पाठवा. तुमच्या आईंना सांगा, लढाई १९७५ साली संपली. आज तिथं रस्त्यात भेटणारी बहुतेक माणसं त्यानंतर जन्मलेली आहेत. युद्धाच्या खुणा संग्रहालयांत जपलेल्या आहेत. त्या मुलांनी जरूर बघाव्यात, मन घट्ट करून बघाव्यात. पण त्या देशाचं रोजचं जगणं त्याभोवती फिरत नाही.

मला पहिलं नवल वाटलं ते तिथल्या दिनक्रमाचं. हनोईत पहाटे पाचच्या सुमारास होआन किएम तळ्याकाठी गर्दी असते. माझ्या वयाच्या बायका हातात पंखे घेऊन रांगेनं कवायत करतात, म्हातारे पुरुष बॅडमिंटन खेळतात. उजाडलं की फुटपाथवर बुटक्या प्लॅस्टिकच्या स्टुलांवर बसून लोक नाश्ता करतात, साहेब आणि हमाल शेजारी शेजारी. साडेअकरानंतर मात्र सगळं थंडावतं. दुकानदार फरशीवर चटई टाकून आडवा होतो, मोटारसायकलवाला गाडीवरच पाय पसरतो. हमरस्त्यालगत कॉफीची अशी दुकानं आहेत की जिथं खुर्च्यांऐवजी झोळ्या टांगलेल्या असतात. एक कॉफी घ्यायची आणि तासभर पडून राहायचं. (कॉफीच्या उत्पादनात ब्राझीलनंतर याच देशाचा नंबर लागतो, आणि ती कडक असते. दूध म्हणून तळाशी मिल्कमेड घालतात तसलं गोड घट्ट दूध.) दुपारी दीड-दोनला अख्खा देश पुन्हा उभा राहतो. मुलाला सांगा, मधल्या वेळात कुठल्या कचेरीत काम काढू नकोस.

आता खरं उत्तर. मी माध्यमिक शाळेत इतिहास शिकवत होते. 'आग्नेय आशियातील भारतीय संस्कृती' या धड्यात चंपा या आजच्या व्हिएतनाममधल्या जुन्या राज्याला दोन ओळी असायच्या: शैव राजे होते, संस्कृत शिलालेख आहेत, पुढे राज्य लयाला गेलं. मुलं ते पाठ करायची, मी बरोबरची खूण करायची. मध्य व्हिएतनाममधल्या होई आन शहरापासून तासाभराच्या अंतरावर 'मी सन' नावाचा चंपाच्या देवळांचा समूह आहे, तो बघताना माझ्या डोक्यात त्याच दोन ओळी होत्या. चौथ्या शतकात भद्रवर्मन राजानं तिथं भद्रेश्वर नावानं शिवाची स्थापना केली. विटांच्या त्या देवळांचा मोठा भाग १९६९ च्या अमेरिकी बॉम्बफेकीत गेला. उरलेल्या काही देवळांचं जतन आपल्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्यानं केलं, आणि त्या कामात २०२० साली एकसंध दगडाचं शिवलिंग मातीतून वर आलं. हे सगळं सुंदर आहे, पण तिथं पूजा होत नाही. तिकीट काढून बघायची जागा आहे ती.

तिथून मी रेल्वेनं दक्षिणेला निघाले. हनोई ते सायगॉन हा लोहमार्ग १,७२६ किलोमीटरचा, तोही मीटरगेज. मी बसले त्या साध्या वर्गात लाकडी बाकं होती. पर्यटक स्लीपरचं तिकीट काढतात किंवा विमानानं जातात, त्यामुळे बाकावर सगळी तिथलीच माणसं. समोरच्या आजींनी मला हातवारे करून वय विचारलं, मुलं किती ते विचारलं, आणि पिशवीतलं पेरू सोलून माझ्या हातात ठेवलं. मी त्यांना लाडू दिला. भाषा दोघींनाही येत नव्हती आणि दुपार मजेत गेली.

न्हा त्रांगला पो नगरची देवी आहे, तिथं एक मुक्काम करा. दहा हातांची देवी, मुख्य मनोऱ्याच्या दारावर महिषासुरमर्दिनीचं शिल्प. आपण वणीच्या गडावर वाढलेली माणसं, आपल्याला तिथं कुणी काही समजावून सांगावं लागत नाही. चाम, म्हणजे त्या चंपा राज्याच्या लोकांची ही देवी व्हिएतनामी लोकांनीही आपली मानली आहे. उदबत्त्या, फळं, फुलं, नवस, सगळं चालू असतं.

त्याच्या पुढे दीड-दोन तासांवर थाप चाम स्टेशन लागतं. गाव फान रांग. गाडीत परदेशी पाठपिशवीवाले बरेच असतात, पण इथं उतरणारे फार थोडे. तुमच्या मुलानं इथं उतरावं, यासाठीच मी हे उत्तर एवढं लांबवलं. रुळांच्या पलीकडे टेकडीवर पो क्लाँग गराईचं विटांचं देऊळ आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस, चौदाव्याच्या सुरुवातीस जयसिंहवर्मन राजाच्या काळातलं. दारावर नाचणारा शिव, चौकटीवर चाम लिपीतले लेख, आत शिरताच नंदी. पीक चांगलं यावं म्हणून शेतकरी नंदीच्या तोंडापुढे हिरवा पाला आणि सुपारी ठेवत आले आहेत. गाभाऱ्यात मुखलिंग, म्हणजे चेहरा कोरलेलं शिवलिंग आहे, आणि ते पूजेतलं आहे. आजूबाजूच्या गावांतले चाम हिंदू गोमांस खात नाहीत, प्रेताचं दहन करतात. दरवर्षी साधारण ऑक्टोबरात त्यांचा काते उत्सव भरतो. देवाची वस्त्रं डोंगरातल्या राग्लाई लोकांकडे सांभाळायला असतात. ती वाजतगाजत आणतात, मुखलिंगाला स्नान घालून नेसवतात. त्यांच्याच रक्ताचे दुसरे चाम, बानी, इस्लामच्या वळणाचे आहेत, आणि त्यांची गावं जवळपासच आहेत.

या भागातल्या चाम राज्याचं नाव होतं पांडुरंग. आपल्या विठोबाशी त्याचा काही संबंध जोडू नये, राज्य शैवांचंच. पण ते १८३२ पर्यंत टिकलं होतं. म्हणजे आपल्याकडे पेशवाई बुडाली त्यानंतरही ते उभं होतं! मी ज्याला 'लयाला गेलं' शिकवत होते, त्याचे पुजारी पांढऱ्या कपड्यांत माझ्यासमोर बसून विडा लावत होते. मी पायरीवर बराच वेळ बसले. माझ्या वर्गातल्या प्रत्येक मुलाला त्या पायरीवर आणून बसवावं असं वाटलं.

आणि तुमच्यासाठी महत्त्वाचं म्हणजे हा व्हिएतनामचा द्राक्षांचा मुलूख. देशातला सर्वांत कोरडा भाग, समुद्राजवळ असूनही उन्हानं भाजलेला. डोक्याएवढ्या उंचीचे तारेचे मांडव, लाल 'कार्डिनल' जात जास्त. तिथं थंडी नसल्यामुळे वेल विश्रांतीला जात नाही. छाटणी केली की पुन्हा फुटतो आणि वर्षातून दोन, कधी तीन पिकं देतो. एका बागेत घड उतरवत होते आणि बांधापलीकडच्या बागेत नुकती फूट निघाली होती. आपण एप्रिलला खरड छाटणी करून काडी तयार करतो आणि ऑक्टोबरला फळासाठी छाटतो. त्या वेळापत्रकात वाढलेल्या माणसाला हे बघून क्षणभर उमजतच नाही. माझ्या भावाची दिंडोरीला बाग आहे, त्यामुळे मी पान उलटं करून बघितलं. मालकीणबाईंनी लगेच दुसरं पान उलटून डावणी रोगाचा पांढरा थर दाखवला आणि कपाळाला हात लावला. मीही लावला. मुलाला सांगा, फवारणी किती, मजुरी काय, मांडवाचा खर्च किती, सगळं विचारून ये. त्या बाई वहीवर आकडे काढून दाखवतात.

जवळच बाऊ त्रुक हे कुंभारांचं गाव आहे. तिथं चाक नाही. मडकं जागेवर राहतं आणि बाई त्याच्याभोवती फिरते. ही कला बायकांची, आईकडून मुलीकडे जाणारी. चाम समाजात घराचा वारसाही मुलीकडे जातो. २०२२ साली युनेस्कोनं तातडीनं जपायच्या वारशांत या कुंभारकलेची नोंद केली. एखादं छोटं भांडं विकत घ्यावं, घासाघीस न करता.

माणशी चाळीस हजारांत तिघांचं भागेल. डॉर्मिटरीतली खाट पाचशे ते आठशे रुपयांत मिळते, साध्या खानावळीतलं ताट शंभर-दीडशेत. एका रुपयाला साधारण तीनशे डाँग धरा. नोटा प्लॅस्टिकच्या असतात, आणि वीस हजारांची व पाच लाखांची दोन्ही निळ्या. पहिली सत्तर रुपयांची, दुसरी सतराशेची. त्या पाकिटात वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवा. व्हिसा घरबसल्या मिळतो: ऑगस्ट २०२३ पासून नव्वद दिवसांचा, एकदा प्रवेशाचा २५ डॉलरला. फक्त सरकारी संकेतस्थळावरच अर्ज करा, नाव पासपोर्टवर आहे अगदी तसंच भरा. जायचं कधी, तर एप्रिल छाटणी उरकली की. ३० एप्रिल आणि १ मे तिथल्या मोठ्या सुट्ट्या, गाड्या भरलेल्या असतात, ते दिवस टाळा. जानेवारी-फेब्रुवारीत त्यांचं नववर्ष येतं, तेव्हाही तेच. काते उत्सव बघायला मिळाला तर फारच उत्तम, पण ऑक्टोबरात तुम्हाला बागेत हात हवे असणार.

प्रश्न : आम्ही दोघी बहिणी, कांदा-लसूणही खात नाही. तिथं उपाशी राहू का? (एक वाचक, नाशिकरोड)

उत्तर : नाही राहणार. शाकाहारी खानावळींच्या पाट्यांवर 'चाय' लिहिलेलं असतं, रोमन अक्षरांत सी-एच-ए-वाय. बौद्ध परंपरेमुळे अशा खानावळी गावोगाव आहेत, आणि पुष्कळ ठिकाणी कांदा-लसूणही वर्ज्य असतो. तरी विचारून घ्या. चांद्रमासाच्या पहिल्या दिवशी आणि पौर्णिमेला खूप लोक शाकाहार पाळतात, त्यामुळे त्या दिवशी नेहमीच्या गाड्यांवरही काही ना काही मिळतं. ताटात मासळीसारखं, कोंबडीसारखं काही दिसलं तर दचकू नका, ते सोयाबीनचं असतं. इतर हॉटेलांत मात्र सावध राहा. साध्या भाजीतही माशाचा रस घालतात. फळं भरपूर खा.

प्रश्न : नाशिकच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढला तर व्हिएतनाममध्ये मोटारसायकल चालवता येईल ना? (एक वाचक, सिडको)

उत्तर : नाही. आपल्याकडे मिळणारा परवाना रस्ते वाहतुकीच्या १९४९ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार असतो, व्हिएतनाम १९६८ चा करार मानतो. भाड्यानं गाडी देणारे काहीही न विचारता किल्ली हातात देतील, पण अपघात झाला तर तुम्ही विनापरवाना ठरता आणि प्रवास विमा हात वर करतो. परदेशातल्या इस्पितळाचं बिल घरच्यांवर टाकू नका. डोंगर आणि समुद्र एकत्र बघायचा असेल तर ह्यूहून दा नांगला रेल्वेनं जा. हाय वान घाटातून गाडी समुद्राच्या कडेकडेनं जाते. तिकीट काढताना डावीकडची खिडकी मागून घ्या.