रुपयाची सायकल आणि मावशी

प्रश्न : पुण्यात २०१७ मध्ये भाड्याच्या सायकली आल्या, अर्ध्या तासाला एक रुपया. तरी आमच्या स्वयंपाकाच्या मावशी चालतच यायच्या. असं का?

उत्तर : ताई, अडचण रुपयाची नव्हतीच. कुलूप उघडायला स्मार्टफोन, नेट, ऑनलाइन पैसे लागत. बटणांचा फोन असला की सायकल समोर असून बंदच. शिवाय सुरुवात झाली विद्यापीठात आणि औंधात. वस्तीच्या बोळाशी नाही.

माझे वडील पिंपरीच्या कारखान्यात २४ इंची सायकलवर जात, कॅरिअरला डबा, पँटला क्लिप. पगार वाढला, स्कूटर आली, सायकल माळ्यावर गेली. आता गाडीवाले हौसेने सायकल चालवतात आणि गरजवंत पायी जातात, याचं मला फार वाईट वाटतं.

मावशींना सायकल येते का, विचारा. येत असेल तर तुमची जुनी द्या, आणि जिन्याखाली साखळीने बांधायची परवानगीही सोसायटीकडून मिळवून द्या.